कोच बदलला की टीम सुधारते का? (रग्बी लीग, वेस्ट्स टायगर्स आणि खुर्च्यांचा खेळ)

वेंटीकर

नमस्कार मंडळी. इथं क्रिकेटवर धागे आहेत, बुद्धिबळावर आहेत, कॅरमची सोंगटी कुठली चांगली यावरसुद्धा दोनशे प्रतिसाद पडलेत, पण रग्बी लीगवर एकही धागा नाही, म्हटलं आपणच नारळ फोडावा. सिडनीत येऊन नऊ वर्षं झाली, घर वेंटवर्थव्हिलला, इथले लोक वेंटी म्हणतात म्हणून हा आयडी. आमचा सगळा एरिया पॅरामॅटा ईल्सचा, पण ऑफिसातल्या एका कॅम्पबेलटाऊनच्या माणसाने पहिल्याच वर्षी मला टायगर्सच्या मॅचला नेलं आणि तेव्हापासून मी वेस्ट्स टायगर्सच्या गळाला लागलोय. भोग म्हणायचे दुसरं काय.

धाग्याचं निमित्त असं की एनआरएलची (नॅशनल रग्बी लीग, इथली मुख्य स्पर्धा) २०२५ची फायनल झाली. ब्रिस्बेन ब्राँकोजनी मेलबर्न स्टॉर्मला २६-२२ हरवलं आणि जिंकणाऱ्या टीमचा कोच कोण तर मायकल मॅग्वायर. म्हणजे ज्याला आमच्या टायगर्सनी जून २०२२ मध्ये भर सीझनमध्ये घरी पाठवलं होतं तोच. या माणसाने २०१०ला इंग्लंडमध्ये विगनला चॅम्पियन केलं होतं, २०१४ला साउथ सिडनीला ४३ वर्षांनी कप मिळवून दिला होता, मग आमच्याकडे आला आणि तीन-साडेतीन वर्षांत त्याचं काहीही चाललं नाही, आणि आता ब्रिस्बेनला पहिल्याच वर्षी कप. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, आमच्याकडे तर पिकतसुद्धा नाही.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एका बाजूला १३ जण, ८० मिनिटं, बॉल घेऊन पळायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं, सहा वेळा पाडलं की बॉल दुसऱ्याकडे. कबड्डी बघितलेल्या माणसाला पकडीचं गणित अर्ध्या तासात कळतं. आणि क्रिकेटसारखं कॅप्टन मैदानात सगळं ठरवतो असं इथं नसतं. इथं हेड कोच म्हणजे सर्वेसर्वा, तो स्टँडमध्ये सगळ्यात वर काचेच्या खोलीत कानाला हेडसेट लावून बसतो, तिथून खाली बेंचवर निरोप, आणि रंगीत शर्टातला ट्रेनर पाण्याच्या बाटल्या घेऊन पळत आत जातो आणि पाणी पाजता पाजता खेळाडूच्या कानात तो निरोप सांगून येतो. लाइकहार्ट ओव्हलला आम्ही वेन पिअर्स हिलवर गवतात बसतो तिथून हे फार मजेशीर दिसतं. प्यायलेलं पाणी कमी आणि बोलणं जास्त.

आता माझा मुद्दा. टायगर्सचा जन्मच जोडाजोडीचा. बालमेन टायगर्स आणि वेस्टर्न सबर्ब्स मॅगपाइज हे दोन जुने क्लब १९९९ मध्ये एकत्र आले, २०००पासून एक टीम. २००५ला टिम शीन्स कोच असताना कप जिंकलो, फायनलला नॉर्थ क्वीन्सलंडला ३०-१६, बेंजी मार्शलने मागे न बघता पॅट रिचर्ड्सला दिलेला तो पास अजून दर वर्षी टीव्हीवर दाखवतात. २०११नंतर मात्र २०२५पर्यंत पहिल्या आठात एकदाही नाही. २०१२ला शीन्सना काढलं, मग मिक पॉटर, मग जेसन टेलर (२०१७ला फक्त तीन मॅच झाल्यावर नारळ), मग आयव्हन क्लिअरी, मग मॅग्वायर, मग २०२३ला परत तेच शीन्स, आणि २०२४पासून बेंजी. मधले तात्पुरते धरले नाहीत तरी सहा. आणि २०२२, २०२३, २०२४ सलग तीन वर्षं सगळ्यात तळाला, त्याला इथं लाकडी चमचा मिळाला म्हणतात.

दर वेळी कोच गेला. पण कोणते खेळाडू घ्यायचे, किती वर्षांचा करार, किती पैसे, हे ठरवणारे वरचे लोक बरीच वर्षं जागच्या जागी. म्हणजे एका कोचसाठी आणलेले गडी दुसऱ्याच्या गळ्यात, दुसऱ्याने आपल्या पद्धतीला शोभतील असे दोनचार आणले की तोवर तिसरा येऊन बसलेला. पगाराला कॅप (कमाल मर्यादा) आहे, सगळ्या क्लबांना सारखीच, ३० जणांचा मुख्य संघ त्यातच बसवायचा, त्यामुळे चुकीचा करार झाला की तो तीन-चार वर्षं छातीवर दगड. मग दोष कुणाचा? तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

शंकासुर

छान धागा. एक बेसिक शंका, रग्बी म्हणजे ती आपल्याकडे बॉम्बे जिमखान्यावर खेळतात तीच ना? त्यात १५ जण असतात असं वाटतं.

लँकेशायरचा_पाहुणा

@शंकासुर ती युनियन. ही लीग. सख्ख्या भावांची वाटणी झालेली आहे. १८९५ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांनी मीटिंग करून वेगळी चूल मांडली. कारण अगदी साधं, खाणीतला नाहीतर गिरणीतला कामगार शनिवारी मॅच खेळायला गेला तर त्याचा रोज बुडायचा, तो भरून द्या अशी मागणी होती आणि लंडनकडच्या साहेब मंडळींना खेळात पैसा नको होता. पुढे नियम बदलत गेले, १३ जण झाले. गिरणगाव डोळ्यासमोर आणा म्हणजे लीगचा स्वभाव कळेल. मी इथं बोल्टनला राहतो, शेजारी विगन, तिथं अजून फुटबॉलपेक्षा याचं वेड जास्त.

नेपिअनकाठ

वेंटीकर भाऊ, तुमच्या दुःखात सहभागी आहे पण खरं सांगू का, मी पेनरिथचा आणि आम्हाला तुमचे आभारच मानायचेत. आयव्हन क्लिअरी तुम्ही आम्हाला परत दिलात, त्यानंतर २०२१, २२, २३, २४ सलग चार कप.

पण आमची गोष्टसुद्धा सरळ नाही. फिल गुल्ड, ज्याला सगळे गस म्हणतात, तो २०११ला जनरल मॅनेजर म्हणून आला. स्वतः १९९१ला पेनरिथला पहिला कप जिंकून देणारा कोच. त्याने आल्यावर काय केलं तर महागडे स्टार आणण्यापेक्षा पोरांवर लक्ष दिलं. आमच्या पट्ट्यात ज्युनियर क्लबांची नुसती रांग आहे, शनिवारी सकाळी कुठल्याही मैदानावर जा, सहा वर्षांची पोरं चिखलात लोळत असतात. तिथून वर यायचा रस्ता त्याने पक्का केला. क्लिअरीला २०१२ला त्यानेच आणलं आणि २०१५च्या शेवटी त्यानेच काढलं, का तर म्हणे माणूस दमलेला दिसतोय! मग अँथनी ग्रिफिन आला, त्याला ऑगस्ट २०१८ला काढलं, तेव्हा टीम फायनल्सच्या (म्हणजे पहिल्या आठांच्या बाद फेरीच्या) रांगेत होती बरं का, तोंडावर आलेलं लग्न आणि नवरदेव बदलला. उरलेला सीझन असिस्टंट कॅमेरन सिराल्डोने काढला आणि २०१९ला क्लिअरी परत.

आणि गंमत म्हणजे २०१९लाच गस स्वतः निघून गेला. पहिला कप त्यानंतर दोन वर्षांनी. आता सांगा श्रेय कुणाचं? आमच्या घरी यावरून मी आणि मुलगा अजून भांडतो.

वेंटीकर

@नेपिअनकाठ "तुम्ही परत दिलात" काय, ओढून नेलात! बसची गोष्ट इतरांना सांगायलाच पाहिजे. २०१७ला क्लिअरी टायगर्सकडे आला तेव्हा आमचे चार मोठे खेळाडू, टेडेस्को, वूड्स, मोझेस आणि ब्रुक्स, चौघांचे करार एकाच वेळी संपत होते आणि रोज पेपरात तेच. क्लिअरी म्हणाला की एक बस आहे, कोण बसमध्ये आहे आणि कोण नाही ते मला कळलं पाहिजे. झालं, पूर्ण शहरात बस बस. चौघांपैकी तिघं उतरले, एकटा ब्रुक्स राहिला. आणि दीड वर्षात ड्रायव्हरच स्टेअरिंग सोडून पेनरिथच्या गाडीत जाऊन बसला, करार बाकी असताना. आपल्या एसटीत निदान कंडक्टर डबल बेल तरी देतो.

त्याला दोषही देता येत नाही म्हणा, पोटचा पोरगा नेथन तिकडे हाफबॅक खेळतोय.

पुणेरी_खवट

धाग्यात एवढी माहिती आहे पण मूळ प्रश्नाचं उत्तर कुठेच नाही. "वरचे लोक" म्हणजे नेमके कोण? पदं सांगा. उगाच हवेत तलवारबाजी नको.

वेंटीकर

@पुणेरी_खवट बरोबर आहे, सांगतो. सगळ्यात वर असतो लीग्स क्लब. हा प्रकार आपल्याकडे नाही. म्हणजे मोठी इमारत, खाली बिस्त्रो, बार, रविवारी आजीआजोबांचं जेवण आणि मागे ओळीने पोकी मशीन (जुगाराची), त्या मशीनच्या पैशावर फुटबॉल चालतं (इथं या खेळालाच फुटबॉल नाहीतर फुटी म्हणतात). टायगर्समध्ये दोन मालक होते, पण बालमेनचा रोझेलचा क्लब २०१०ला बंद पडला, पैसे संपले, त्यामुळे हळूहळू मालकी जवळजवळ सगळी अ‍ॅशफील्डच्या वेस्ट्सकडे गेली, आता त्यांचं नाव होल्मन बार्न्स ग्रुप. ते बोर्डावर माणसं नेमतात. बोर्ड सीईओ नेमतं. सीईओच्या खाली फुटबॉलचा हेड नाहीतर जनरल मॅनेजर, आणि खेळाडूखरेदी बघणारा रिक्रूटमेंट मॅनेजर. मग हेड कोच. त्याच्या हाताखाली अटॅकचा एक, डिफेन्सचा एक, शिवाय ताकदीचा, दुखापतींचा, व्हिडिओ बघणारा असे बरेच.

डिसेंबर २०२३ला बाहेरच्या लोकांकडून क्लबचा रिव्ह्यू करून घेतला तेव्हा सीईओ आणि चेअरमन दोघंही एकदम गेले. शेन रिचर्डसन सीईओ म्हणून आला, चेअरमन म्हणून न्यू साउथ वेल्सचे माजी मुख्यमंत्री बॅरी ओ'फॅरल. म्हणजे बारा वर्षांत कोच सतत बदलले आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की वर बघूया. माझं म्हणणं एवढंच आहे की हे आधी का नाही?

कबड्डीप्रेमी_सांगली

वाचून आमचं मंडळ आठवलं. मी पंधरा वर्षं कबड्डी खेळलो, नंतर पोरांना शिकवायचो. नाव सांगत नाही, पण एका वर्षी जिल्ह्याच्या मॅचला मी सात जण काढून दिले आणि आदल्या रात्री अध्यक्षांनी त्यांच्या भाच्याला डावा कोपरा दिला. पोरगा चांगला होता पण रेडर होता हो! त्याला कोपऱ्याची पकड माहीतच नव्हती, समोरच्याने पहिल्या चढाईतच ओळखलं आणि जो येतो तो डावीकडेच. हरलो. हरल्यावर मीटिंग लागली आणि विषय काय, तर प्रशिक्षक बदलावा का. तो भाचापण माझ्याच विरोधात बोलला.

म्हणून माझं मत वेंटीकरसाहेबांच्या बाजूने. ज्याने टीम निवडली नाही त्याला हरल्याचा जाब विचारू नये.

नेपिअनकाठ

@कबड्डीप्रेमी भारी किस्सा 😂 पण दुसरी बाजू पण बघा. सगळं कोचच्या हातात दिलं की काय होतं? कोचला पुढचा रविवार दिसतो. पाच मॅच हरला की नोकरी जाते हे त्याला माहीत असतं, मग तो सतरा वर्षांच्या पोराला वाढवत बसेल की तिशीतला तयार गडी तीन वर्षांच्या कराराने आणेल? त्याच्या जागी मीपण तेच करीन. म्हणून पाच वर्षांनंतरचा विचार करणारा दुसरा कोणीतरी लागतोच. आमच्याकडे ते काम गसने केलं. त्याने माणसं काढली ते चुकलं असेल पण नर्सरी त्याचीच, २०२१च्या फायनलला साउथ सिडनीला १४-१२ हरवलं त्या टीममधली किती पोरं त्याच्या काळात वर आलेली होती ते बघा.

यारावाली

मेलबर्नहून. फायनल हरल्याचं दुःख अजून ताजं आहे त्यामुळे जपून बोला सगळ्यांनी.

आमच्याकडे हा वाद कधी होतच नाही कारण क्रेग बेलामी २००३पासून एकच कोच. आणि त्याच्या शेजारी फ्रँक पोनिसी, फुटबॉलचा जनरल मॅनेजर, तोही पंधरा वर्षांहून जास्त. बेलामी मॅच चालू असताना त्या काचेच्या खोलीत जे काही हातवारे करतो, टीव्हीवाले एक कॅमेरा कायम त्याच्यावरच लावून ठेवतात, माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या त्यांना खेळ काही कळला नाही पण "त्या चिडक्या माणसाला दाखवलं की मला हाक मार" म्हणून सांगून स्वयंपाकघरात जायच्या. तर तो तिकडे चिडतो आणि करार, एजंट, पोरांच्या घरच्या अडचणी हे सगळं पोनिसी शांतपणे बघतो. माझ्या मते जोडी महत्त्वाची. पदं काहीही ठेवा.

आणि बेलामीच्या हाताखाली शिकून किती जण हेड कोच झाले बघा, तुमचा मॅग्वायरसुद्धा त्यातलाच, ब्रॅड आर्थर, अ‍ॅडम ओ'ब्रायन, जेसन रायल्स. असिस्टंट म्हणजे नुसता मदतनीस नसतो, त्याला एक पूर्ण खातं दिलेलं असतं.

पुणेरी_खवट

@यारावाली २०१०चं सोयीस्कर विसरलात. कॅपच्या वर पैसे देऊन दोन वह्या ठेवल्या होत्या तुमच्या क्लबने. २००७ आणि २००९चे कप काढून घेतले, दंड झाला १६ लाख ८९ हजार डॉलर. एवढी आदर्श मॅनेजमेंट होती ती.

यारावाली

विसरले नाही काका. तो उद्योग सीईओच्या ऑफिसात झाला, शिक्षा पोरांना झाली. राहिलेला पूर्ण सीझन शून्य पॉइंटवर खेळले, जिंकले तरी खात्यात काही जमा नाही, आणि तरी बेलामीने टीम एकत्र ठेवली, दोन वर्षांनी २०१२ला कप परत आणला. उलट हे वेंटीकरांच्याच बाजूचं उदाहरण आहे की घाण वर होते आणि निस्तरतो कोच.

लँकेशायरचा_पाहुणा

विगनचं पण सांगतो कारण इथं सगळे ऑस्ट्रेलियावाले जमलेत. आमचा मॅट पीट २०२२च्या सीझनपासून हेड कोच. हा माणूस मोठ्या पातळीवर कधी खेळलेलाच नाही. क्लबमध्येच पोरांना शिकवत शिकवत, मधे थोडा बाहेर जाऊन, वर चढला. नेमला तेव्हा इथल्या पबमध्ये लोकांनी नाकं मुरडली होती, स्वतः ऐकलंय. वर सीईओ क्रिस रॅडलिन्स्की, तो मात्र विगनचा मोठा फुलबॅक. म्हणजे नाव असलेला माणूस ऑफिसात आणि शिकवता येणारा माणूस मैदानावर, बरेच क्लब नेमकं उलटं करतात. २०२४ला चारही ट्रॉफ्या आल्या. फेब्रुवारीत वर्ल्ड क्लब चॅलेंजला नेपिअनकाठसाहेबांच्या पेनरिथला १६-१२ 😀 मग चॅलेंज कप, लीग लीडर्स शील्ड आणि ग्रँड फायनलला हल केआरला ९-२.

नेपिअनकाठ

ती मॅच आमच्यासाठी प्रॅक्टिस होती. सीझन सुरू व्हायचा होता. (हो हो, चुरचुरतं अजून.)

शंकासुर

मग आयपीएलमध्ये डिरेक्टर, मेंटॉर, हेड कोच असतात तसंच झालं ना हे? मुंबई इंडियन्सनी जयवर्धनेला कोचवरून उचलून ग्लोबल हेड केलं होतं आणि मग परत कोच केलं.

वेंटीकर

@शंकासुर बऱ्यापैकी तसंच, पण आयपीएल दोन महिन्यांत उरकते आणि लिलावात टीम एका दिवसात बदलता येते. इथं लिलाव नाही. इथं कराराचं शेवटचं वर्ष लागायच्या आधीच १ नोव्हेंबरपासून खेळाडू दुसऱ्या क्लबशी उघड बोलू शकतो, म्हणजे पूर्ण एक वर्ष तो तुमच्याकडे खेळतोय आणि पुढच्या वर्षीची सही दुसरीकडे झालेली. विचार करा, राजीनामा दिलेला माणूस एक वर्ष शेजारच्या टेबलावर बसलाय आणि सोमवारी टीम मीटिंगला पण येतोय. अशा वेळी नुसता बॉल कसा टाकायचा हे येणारा कोच काय करणार, माणसं सांभाळणारा लागतो.

म्हणून बेंजीच्या बाबतीत मी जरा धास्तावलेलो असतो. खेळाडू म्हणून देव माणूस, पण आधी हेड कोच म्हणून अनुभव शून्य, एक वर्ष शीन्सच्या हाताखाली आणि मग थेट. ठरलं होतं २०२५ला द्यायचं, दिलं २०२४ला. आणि मधे सिराल्डोला आम्ही २०२२ला मोठी ऑफर दिली होती, त्याने नाही म्हटलं आणि थोड्याच दिवसांत बुलडॉग्जला हो म्हटलं. तिथं फुटबॉल कोण बघत होतं? गस गुल्ड. म्हणजे कोच पण वर कोण बसलाय ते बघूनच येतो की. बुलडॉग्ज २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षं फायनल्सला.

कबड्डीप्रेमी_सांगली

हे शेवटचं वाक्य लाखाचं. चांगला मास्तर शाळा बघून येतो.

पुणेरी_खवट

पण मग मॅग्वायर टायगर्समध्ये वाईट आणि ब्रिस्बेनला चांगला, यात ब्रिस्बेनच्या तयार टीमचा वाटा किती? केव्हिन वॉल्टर्सनी २०२३लाच ती टीम फायनलला नेली होती, पेनरिथकडून २६-२४ हरले. शिजलेल्या भातावर तूप वाढलं म्हणून कुणी आचारी होत नाही.

वेंटीकर

@पुणेरी_खवट मान्य, अर्धं मान्य. तीच टीम २०२४ला फायनल्सलाच पोचली नाही म्हणून तर वॉल्टर्स गेले. २०२५ला पेनरिथला उपांत्य सामन्यात १६-१४ काढलं, फायनलला हाफटाइमला मागे असताना उलटवलं, हे तुपाचं काम नाही. पण हो, आमच्याकडे त्याच माणसाला तांदूळच निवडून मिळाले नव्हते.

शंकासुर

सगळं कळलं, एकच राहिलं. तो लाकडी चमचा खरंच देतात का?

वेंटीकर

नाही हो, कुणी देत नाही, नुसतं म्हणायचं. पण मी दिला. २०२२ला हॅरिस पार्कच्या दुकानातून लाकडी उलथनं आणलं आणि त्या कॅम्पबेलटाऊनवाल्याच्या डेस्कवर ठेवलं. २०२३ला दुसरं. २०२४ला दुकानवालाच म्हणाला, दरवर्षी याच सुमाराला एकच उलथनं कशाला नेता? २०२५ला चमचा चुकला तर सोमवारी पठ्ठ्याने तिन्ही आणून माझ्या कीबोर्डवर ठेवली, एकावर हळदीचा पिवळा डाग. बायको म्हणते ते वापरलेलं आहे, घरात घ्यायचं नाही.